यानुश कोरचाक : मुलांपाशी शिकलेले गुरुजी

येरुशलायीम येथील याद वाशेमच्या आवारात मुलांना कवेत घेतलेल्या एका शिक्षकाचे शिल्प आहे. ते यानुश कोरचाक यांचे. त्यांच्या मरणाची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. पण शिकविण्याची स्वतःची रीत त्यांनी कशी घडविली, हे आपल्या समाजातील शिक्षकांनी व आईबापांनी जाणून घेण्यासारखे आहे. म्हणून ती हकीकत आम्ही येथे देत आहोत.

कोरचाक हे टोपणनाव. खरे नाव हेनरिक गोल्डश्मिट. जन्म १८७८ च्या सुमारास वॉर्सा येथे, एका सुखवस्तू यहुदी घराण्यात. वडील वकील, परंतु त्यांना मनाचा आजार जडला व १८९६ साली ते वारले. घरची स्थिती खालावली, तेव्हा हेनरिक शिकवण्या करून घर चालविण्यास हातभार लावू लागले. पुढे ते डॉक्टर झाले व मुलांच्या इस्पितळात काम करू लागले. पण मूल बरे करून घरी पाठवावे, तर घरी भूक व ओल होतीच.

तरुणपणी ते गरीब मुलांच्या उन्हाळी शिबिरावर गेले. पुस्तकी ज्ञान व प्रेम एवढी शिदोरी पुरेल, असे त्यांना वाटले होते. पण पोरांनी दंगा करून त्यांना जेरीस आणले आणि त्यांनी धमकीही दिली. मग त्यांनी मुलांना एकत्र बसवून विचारविनिमय केला. मुलांना उपदेश करणे वेगळे आणि मुलांशी बोलणे वेगळे, हा धडा त्यांना त्या दिवशी मिळाला. त्यांच्या साऱ्या शिक्षणविचाराचा पाया हाच.

१९१२ साली वॉर्साच्या क्रोखमाल्ना रस्त्यावर यहुदी अनाथ मुलांचे घर उघडले. स्टेफानिया विल्चिन्स्का ही बाई त्यांची उजवा हात होती. तेथे मुलांचे न्यायालय भरत असे, आणि न्यायाधीश मुलेच. त्याच्या कायद्यात १ ते १००० पर्यंत क्रमांकांची कलमे होती. पैकी पहिली ९९ सोडून देण्याची वा माफीची. शिक्षकावरही फिर्याद करता येई. खुद्द कोरचाक एका सहामाहीत पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभे राहिले! भांडखोर मुलाशी ते पैज लावीत, की या आठवड्यात किती वेळा मारामारी करशील? आकडा हळूहळू कमी होई. १९२६ साली त्यांनी मुलांनीच लिहिलेले वर्तमानपत्रही सुरू केले.

तयार ठरीव नियम त्यांनी कोणास दिला नाही. मुलाकडे नीट पाहावे, पाहिलेले टिपून ठेवावे, आणि मुलांना ओळखण्याआधी शिक्षकाने स्वतःला ओळखावे, असे ते तरुण शिक्षकांना सांगत. मूल हे उद्याचे नव्हे, आजचेच माणूस आहे व त्यास मान मिळाला पाहिजे, हे त्यांचे मुख्य म्हणणे.

१९३४ व १९३६ साली ते एरेत्स इस्राएलात येऊन एन हारोद किब्बुत्सात राहिले होते. स्टेफानियाबाईही तेथे राहिल्या, पण १९३९ साली आपल्या मुलांकडे परत गेल्या. १९४० साली नाझींनी ते घर घेटोत हलविण्यास भाग पाडले. जुलै १९४२ मध्ये तेथील मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. आजारी, खोलीत कोंडलेल्या अमलची ती गोष्ट आपल्याला भारतापासून परिचित आहे. वॉर्साच्या त्या भिंतीआड तिचा अर्थ मुलांना वेगळा सांगावा लागला नसेल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलांना नेण्यात आले. सुटकेची संधी कोरचाकांपुढे आली होती. त्यांनी ती नाकारली. ते व स्टेफानियाबाई मुलांबरोबर ट्रेब्लिंकास गेले व कोणी परतले नाही.

असे मरण थोर खरे. पण आम्हांस वाटते, ते एका दिवसाचे धैर्य नव्हते. मुलाला दिलेला शब्द पाळावयाचा, हा तीस वर्षांचा परिपाठ होता. आपल्या घरांतून व वर्गांतून त्याचा थोडा अंश आला, म्हणजे एखाद्या संध्याकाळी मुलाला काही सांगण्याआधी त्याचे ऐकून घेतले, तरी त्यांची आठवण राखल्यासारखे होईल.