गुप्त सभेतून उजेडात : बाबा पदमनजी

(द्वितीय वर्ष, कला)

रहस्यकथा वाचण्याचा नाद मला सातवीत असताना लागला. आमच्या गावच्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या कादंबऱ्यांचा एक गठ्ठा होता. अनेक हातांतून गेलेल्या त्या पुस्तकांची शेवटची पाने हमखास गळालेली असत. त्यामुळे खून कोणी केला हे मला पुष्कळदा कळलेच नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेले नाही. तेव्हा ही कसली पुस्तके वाचतेस, असे विचारणारेही कोणी नव्हते.

कॉलेजात आल्यावर एका गुणाचे एक उत्तर पाठ केले. मराठीतील पहिली कादंबरी 'यमुनापर्यटन', लेखक बाबा पदमनजी, वर्ष १८५७. एवढ्यावर भागत होते. पुढे बाबांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र हाती आले आणि मी चकित झाले. या माणसाच्या आयुष्यात गुप्त सभा होती, सभासदांनी लपवलेले कृत्य होते, आणि त्या सभेच्या कहाणीच्या शेवटी चोरीला गेलेली एक यादीही होती. खून तेवढा नव्हता. अर्नाळकरांच्या गठ्ठ्यात न सापडलेले शेवटचे पान मात्र येथे सापडले. म्हणून हा लेख.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. घर धार्मिक वळणाचे. पोथ्यापुराणे, व्रतवैकल्ये यांत त्यांचे लहानपण गेले आणि त्यांचीही त्यावर मनापासून श्रद्धा होती. शिक्षण मिळाले ते मिशनच्या शाळेत, आधी बेळगावात आणि नंतर मुंबईत. सकाळी घरी पूजा आणि दुपारी शाळेत बायबल, असे दोन प्रवाह एकाच मुलाच्या मनात वाहू लागले. मुंबईला फ्री चर्चच्या शाळेत नारायण शेषाद्री हे स्वतः १८४३ साली ख्रिस्ती झालेले गृहस्थ शिकवीत. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, पुन्हा जातीत घेण्यावरून त्या वेळी केवढा गदारोळ उठला होता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांनाही लोकांचा रोष पत्करावा लागला. धर्म बदलणे तेव्हा किती महागात पडे, हे बाबा अशा उदाहरणांवरून पाहत होते.

याच सुमारास, १८४९ साली, मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी ती काढली. जातिभेद मोडावा, विधवांचे विवाह व्हावेत, ईश्वर एकच मानावा, हे तिचे विचार. परंतु सारे काही गुप्त. बैठका गुप्त, सभासदांची नावे गुप्त. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सर्वांसमोर खावा, अशी तेथे चाल होती. आज आपण बसस्थानकावर चहाबरोबर जो पाव सहज खातो, तो खाल्ल्याने तेव्हा माणूस जातीबाहेर जाई. सभासद बंद दाराआड तो खात आणि घरी जाऊन पंक्तीत सोवळ्याने बसत. संख्या पुरेशी वाढली म्हणजे मग उघड व्हायचे, असा विचार होता. तो दिवस कधी उगवला नाही.

बाबा या सभेचे सभासद होते. जे मनात आहे ते मित्रांत बोलायचे आणि जे मनात नाही ते घरी करायचे, हे दुटप्पी जिणे त्यांनीही काढले. त्यांना भ्याड म्हणणे सोपे आहे. पण घरातील माणसांना दुःख होईल, आपल्यामुळे त्यांना गावात मान खाली घालावी लागेल, ही भीती खोटी नव्हती. मन एकीकडे आणि पाय दुसरीकडे, असे त्यांचे काही काळ चालले.

अखेर १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. घरात आकांत झाला. ज्यांच्यासाठी त्यांनी इतके दिवस दडवून ठेवले, त्यांचीच ताटातूट झाली. बाबांनी ही किंमत मोजली, ती उघड्यावर मोजली, आणि पुढे पन्नाशी उलटल्यावर आत्मचरित्र लिहिताना ती दडवली नाही.

आता सभेचे काय झाले ते पाहा. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी कोणीतरी पळवली. नावे बाहेर फुटणार या भीतीने सभासदांची पळापळ झाली आणि सभा मोडली. म्हणजे जे त्यांनी आपण होऊन सांगायचे ते चोराने सांगितले. बाबांचे नाव फुटण्याची भीती उरलीच नव्हती. त्यांनी ते सहा वर्षे आधी स्वतःच सांगून टाकले होते. त्या सभेतील काही मंडळींनी १८६७ साली प्रार्थना समाज स्थापला, तो मात्र उघडपणे. तेव्हा त्या गुप्त सभेचे बीज अगदीच वाया गेले असेही म्हणता येणार नाही.

'यमुनापर्यटन' वाचताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे. बाबांनी ते वयाच्या सव्विसाव्या वर्षी प्रसिद्ध केले. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली, झालेला होता. मिशनमुळे मराठीत कथा येऊ लागल्या होत्या. बन्यनच्या ग्रंथाचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर 'यात्रिक क्रमण' १८४१ मध्येच निघाले होते. पण बाबांनी परक्या मुलखातील यात्रेकरू न घेता आपल्याकडील एक तरुण जोडपे घेतले. यमुना आणि तिचा पती विनायक यांची ख्रिस्तावर श्रद्धा आहे, पण ती त्यांच्यापुरतीच आहे. प्रवासात एकामागून एक विधवांच्या हकिगती त्यांच्या कानी पडतात. पुढे विनायक मरतो आणि जे दुःख यमुनेने दुसऱ्यांकडून ऐकले तेच तिच्या वाट्याला येते. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते व पुन्हा विवाह करते.

कादंबरी म्हणून तिच्यात दोष आहेत. उपदेश फार आहे, पात्रे पुष्कळदा प्रवचन केल्यासारखी बोलतात, आणि सर्व दुःखांवर धर्मांतर हाच उपाय, हे उत्तर आधीच ठरलेले आहे. ते आपल्याला पटलेच पाहिजे असे नाही. विधवांचे हाल थांबवण्यासाठी धर्म न बदलता झटलेली माणसेही महाराष्ट्रात झाली. आपल्या देवरूखात १९५४ साली 'मातृमंदिर' उभे करणाऱ्या इंदिराबाई हळबे यांना स्वतःला तरुण वयात वैधव्य आले होते. पण विधवेच्या मनातले दुःख गोष्टीतून सांगण्याचे धाडस मराठीत आधी बाबांनी केले, हे मान्य करावे लागते.

पुढचे आयुष्य त्यांनी लेखणीवर घालवले. काही काळ ते पुण्यात ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. 'सत्यदीपिका' मासिक चालवले, मोल्सवर्थच्या प्रचंड कोशाचा संक्षेप १८६३ मध्ये काढला, लहानमोठी शंभरावर पुस्तके लिहिली. स्त्रियांच्या शिक्षणावरचा निबंध तर त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधीच, १८५२ साली, लिहिलेला होता. १९०६ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी इंग्लंडात चेस्टरटनच्या फादर ब्राऊन या पाद्री गुप्तहेराच्या कथांचे पहिले पुस्तक निघाले. त्या कथांत गुन्हेगाराला बेड्या घालण्यापेक्षा त्याने आपण होऊन कबुली देणे मोठे मानलेले आहे. ते वाचताना मला बाबांची आठवण झाली.

बाबांचे चरित्र वाचून झाल्यावर माझी एक गोष्ट मला टोचू लागली. माझी एक मैत्रीण बौद्धवाडीत राहते. गेली दोन वर्षे मी तिच्या घरी जाते, तिच्या आईच्या हातची भाकरी खाते. आमच्या घरी हे कोणालाही ठाऊक नाही. आजीला तिशीच्या आत वैधव्य आले. तिने मोलमजुरी करून माझ्या वडिलांना वाढवले. तिला दुखवायचे नाही, असे मी स्वतःला सांगत आले. सभासदही हेच सांगत असतील. आणि मैत्रिणीच्या आईला काय वाटत असेल, हा विचार मी केलाच नव्हता.

अंक छापून आला की मी तो घरी नेणार आहे. आजीला वाचता येत नाही. यात तुझे काय आले आहे, असे ती विचारीलच, आणि मलाच तिला ते वाचून दाखवावे लागेल.