कमला सोहोनी : कडधान्यातले कुलूप उघडताना

डाळ अर्धीकच्ची राहिली, तर तिच्यातली प्रथिने पोटात जाऊनही पुरती अंगी लागत नाहीत. असे का होते, याचा प्रयोगशाळेत शोध घेणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे : डॉ. कमला सोहोनी.

कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाबाई थेट बंगळुरूला जाऊन ठाण मांडून बसल्या. प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष कसोटीचे होते. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. ते पाहून रामन यांचे मत बदलले आणि मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. पुढे केंब्रिजमध्ये त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हा ऊर्जानिर्मितीशी निगडित घटक आढळला. १९३९ मध्ये पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी परतल्या.

दिल्ली आणि कुन्नूरनंतर, लग्न होऊन त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. १९५०च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांसह वालासारख्या कडधान्यांतील ‘ट्रिप्सिन-रोधकां’चा अभ्यास केला. कोणतीही रासायनिक क्रिया घडण्याआधी रेणूंना ऊर्जेचा एक घाट चढावा लागतो. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यातले विकर. प्रथिनांचे तुकडे होण्याच्या वाटेवरचा हा घाट ते ठेंगणा करते. कडधान्यातला रोधक नेमका ट्रिप्सिनच्या कामाच्या जागी जाऊन बसतो, जणू कुलपात अडकलेली किल्लीच. मग पचन मंदावते.

हे कुलूप उष्णतेने उघडते. रोधक हे स्वतः घट्ट घडी घातलेले प्रथिन आहे. ती घडी मोडायला लागणारी ऊर्जा इतकी मोठी, की नुसत्या त्या हिशेबाने वरण शिजायलाच नको. इथे एंट्रॉपी मदतीला येते. घडी सुटू लागली की रेणूला नाना आकार घेण्याची मोकळीक मिळते, आणि या मोकळिकीमुळे घाट ओलांडणे सोपे होते. तापमान १० अंशांनी वाढले की साध्या क्रियांचा वेग साधारण दोन-तीन पट होतो, तर काही प्रथिनांची घडी मोडण्याचा वेग, त्यासाठी लागणारी ऊर्जा मोठी असल्याने, दहा पटींहूनही अधिक वाढतो. कुकरची शिट्टी इतकी कामाची ठरते ती यामुळेच.

अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४०च्या दशकात सोयाबीनमधल्या रोधकाचे स्फटिक मिळवले. थोडाच वेळ तापवून थंड केल्यास त्याची घडी पुन्हा पूर्ववत बसते, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे एका उकळीने भागत नाही. वेळही द्यावा लागतो. कोरड्या उष्णतेपेक्षा ओली उष्णता अधिक प्रभावी, म्हणून भिजवून शिजवणे उत्तम.

सोहोनी यांनी नीरेच्या पोषणमूल्यावरही संशोधन केले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, मात्र ते पद त्यांना उशिरा मिळाले. अन्नातील भेसळीविरुद्ध ग्राहकांना जागे करणाऱ्या संघटनेच्या संस्थापकांतही त्या होत्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

परभणी जिल्ह्यात पोखर्णीसारख्या गावांतून सोयाबीन आता नेहमीचे पीक आहे आणि लेकरांच्या ताकदीसाठी त्याचे पीठ घरात येते. ते कच्चेच दळून दुधात कालवले, तर प्रथिनांचा फायदा कमी होतो. सोयाबीन रात्रभर भिजवावे, पाणी टाकून कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावे. पीठच हवे असेल तर शिजवलेले दाणे कडक वाळवून मग दळावे. सोहोनी यांच्या संशोधनाचे सार्थक अशाच स्वयंपाकघरात आहे.