एका थपडेने हिरोईन गेली, पण येवल्याच्या ललिता पवार पुढची कित्येक दशकं पडद्यावर राहिल्या

सासू जरा खाष्ट निघाली की आजही गंमतीत एकच नाव घेतलं जातं. ललिता पवार. बारीक झालेल्या डाव्या डोळ्याची ती नजर पडद्यावर आली की आता सुनेचं काही खरं नाही, हे थिएटरला कळायचं.

पण तो डोळा म्हणजे अभिनय नव्हता.

त्यांचं मूळ नाव अंबा सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. येवला म्हणजे पैठणीचं गाव आणि वडिलांचा धंदाही रेशमी-सुती कापडाचा. मूकपटांच्या काळात ही मुलगी लहान वयातच कॅमेऱ्यासमोर आली. पुढे ती नुसती हिरोईन राहिली नाही. टॉलस्टॉयच्या कादंबरीवरचा ‘दुनिया क्या है’ (१९३८) हा बोलपट तिने स्वतः निर्माती होऊन काढला. तेव्हा वय होतं बावीस.

सगळं छान चाललेलं असताना १९४२ साल उजाडलं. ‘जंग-ए-आझादी’चं शूटिंग सुरू होतं. सीनमध्ये भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती जरा जास्तच जोरात बसली. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लकवा मारला, डोळ्याची शीर फुटली. उपचार लांबले, डोळा मात्र पूर्ववत झालाच नाही. हिरोईनच्या भूमिका तिथेच संपल्या.

बाईंनी घरी बसायचं नाकारलं. १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. होय, त्याच ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या. १९५२ च्या ‘दाग’मध्ये तर त्या दिलीपकुमारची आई होत्या आणि दोघांच्या वयात अंतर होतं जेमतेम सहा वर्षांचं! हिरो मंडळी पन्नाशीतही कॉलेजात जात होती, ते वेगळं.

त्यानंतर छळवादी सासू, कजाग आत्या, कडक आई अशा भूमिकांची रांगच लागली. लोक त्यांचा मनापासून राग करायचे. पण नुसतं ‘खाष्ट सासू’ म्हणून त्यांना लक्षात ठेवणं हा अन्यायच आहे. ‘श्री ४२०’मधली केळी विकणारी गंगामाई आठवा. किंवा हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’मधली (१९५९) मिसेस डिसा. भाड्यासाठी राज कपूरवर ओरडणारी आणि त्याच्यावरच पोटच्या पोरासारखा जीव लावणारी ही घरमालकीण शेवटी भेसळीच्या औषधाने मरते आणि आळ येतो राजवर. या भूमिकेने त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं. मुखर्जींना ही बाई इतकी आवडली असावी की बारा वर्षांनी ‘आनंद’मध्ये त्यांनी ललिताबाईंना मेट्रन केलं, तेव्हाही आडनाव डिसाच ठेवलं. ‘प्रोफेसर’ (१९६२) पाहिलाय का? म्हातारा बनून आलेल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडून लाजणारी करारी बाई त्यांनी अशी केली की हसू येतं आणि वाईटही वाटतं.

१९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये रामानंद सागरांच्या ‘रामायण’साठी मंथरा हवी होती. सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई कुबड काढून उभ्या राहिल्या आणि टीव्ही असलेल्या प्रत्येक घरात पोहोचल्या.

शेवटची वर्षं पुण्यातल्या औंधमध्ये गेली. कॅन्सरने गाठलं होतं. २४ फेब्रुवारी १९९८ ला त्या तिथल्या बंगल्यात गेल्या, तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या. पती इस्पितळात दाखल होते. बातमी बाहेर कळायलाही वेळ लागला.