एक नोट, दोन देश

शेगाव-खामगावचा कापूस आगगाडीने मुंबईला जाई आणि त्याचे दाम कलदार रुपयांत मिळत. शेजारच्या मराठवाड्यात मात्र निजामाचा हाली सिक्का चाले. चलन बदलले की बाजाराची वेसही बदलते, हे वऱ्हाडी व्यापाऱ्याला शिकवावे लागत नसे. याच मध्य प्रांत-वऱ्हाडात ज्यांची आय.सी.एस.ची उमेदवारी झाली, त्या चिंतामणराव देशमुखांवर पुढे दोन देशांचा एक रुपया सांभाळायची वेळ आली.

जन्म १८९६ चा, रायगडाजवळच्या नाते गावचा. १९१२ साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१८ मध्ये आय.सी.एस.ला पहिला क्रमांक. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

१९४७ साली देश तुटला. रुपया लगेच तुटला नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचे चलन पाहावे, असे ठरले. पाकिस्तान सरकारचे नाव छापलेल्या नोटा आपल्या नाशकात तयार झाल्या! पण भाऊ वेगळे झाल्यावर सामाईक तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याकडे दोघेही संशयाने पाहतात. शिलकेतले पाकिस्तानचे ७५ कोटी ठरले होते. २० दिले गेले, काश्मीरच्या लढाईमुळे ५५ अडले. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या उपोषणानंतर तेही दिले गेले. दरम्यान कराचीला बँकेच्या निःपक्षपातीपणाची शंका आली होती. अखेर मुदत तीन महिने अलीकडे आली आणि १ जुलै १९४८ रोजी पाकिस्तानची स्टेट बँक सुरू झाली.

जून १९४९ मध्ये चिंतामणराव गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. सप्टेंबरात भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. पूर्व बंगालचा ताग आणि कलकत्त्याच्या गिरण्या एकमेकींना पारख्या झाल्या. वेस पडली ती अशी.

पुढे ते अर्थमंत्री झाले. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर पद सोडले. मेघदूत मराठीत आणणारा हा संस्कृतज्ञ २ ऑक्टोबर १९८२ रोजी गेला. १९९९ मध्ये युरोपने युरो स्वीकारला, तो पाहायला ते नव्हते. ग्रीसचे कर्ज थकले तेव्हा तिथेही जर्मन करदात्याने विचारलेच, की दुसऱ्याच्या उधारीचा भार आम्ही का सोसायचा?

बँकेत उमर घालवलेल्या माझ्यासारख्याला एवढे कळते, की नोट छापायला कागद पुरतो, ती सामाईक ठेवायला मात्र विश्वास लागतो. चिंतामणरावांच्या हाती छापखाना होता. दोन सरकारांमधला विश्वास त्यांना कुठून छापता येणार?