सायकलचं पहिलं ‘सस्पेन्शन’: जॉन डनलॉप
फुल सस्पेन्शन माउंटन बाइकची फ्रेम समजून घ्यायला बसलो आणि मी थेट बेलफास्टच्या एका जनावरांच्या डॉक्टरांपाशी पोहोचलो. जॉन बॉइड डनलॉप, जन्म १८४०, स्कॉटलंड. १८८७ मध्ये त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल भरीव रबरी टायरमुळे जाम दणके देत होती. त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर चढवली. धक्का हवेनेच गिळला! १८८८ मध्ये पेटंट मिळालं, पण दोन वर्षांत रद्द ठरलं. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच ही कल्पना नोंदवली होती. तरी सायकली धावल्या त्या डनलॉप यांच्या टायरवर. १९२१ मध्ये ते डब्लिनला वारले. आजच्या फ्रेममधला एअर शॉकही दाबलेल्या हवेवरच चालतो. म्हणून राईडला निघताना मी शॉकच्या आधी टायरची हवा बघतो. तुम्ही बघता का?