डुकरांनी पाश्चरना काय शिकवले?

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. १८९५ मध्ये याच दिवशी लुई पाश्चर यांचे निधन झाले. कुत्रा चावल्यावर घ्यायच्या लशीमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. पण त्या लशीच्या आधी त्यांनी डुकरांच्या एका रोगाचा अभ्यास केला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी, चामडे कमावणाऱ्याच्या घरी झाला. ते रसायनशास्त्रज्ञ होते. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जंतुजन्य रोगांचे दुःख मात्र त्यांनी घरातच सोसले. त्यांच्या तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडने. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू अधू झाली. तरी काम थांबले नाही. कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांचा अँथ्रॅक्स यांवर त्यांनी जंतू दुबळे करून लशी तयार केल्या.

१८८२ च्या नोव्हेंबरमध्ये, साठीला टेकलेले पाश्चर दक्षिण फ्रान्समधील बोलेन या गावी गेले. बरोबर त्यांचा तरुण सहकारी लुई थुईये होता. त्या भागात ‘रूजे’ नावाच्या रोगाने डुकरे पटापट मरत होती. ताप, अंगावर लाल चट्टे आणि काही दिवसांत मृत्यू. ज्याची सारी पुंजी गोठ्यातली चार डुकरे, तो शेतकरी पार बुडत होता.

पाश्चर यांनी या रोगाचा जंतू कबुतराला टोचला. कबुतर मेले. त्याचे रक्त दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, असा क्रम चालवला. दर फेरीला कबुतरे अधिक लवकर मरू लागली आणि शेवटच्या कबुतराचे रक्त डुकरांनाही मूळ रोगापेक्षा जास्त घातक ठरले. मग हाच प्रयोग सशांवर केला. ससेही दर फेरीला लवकर मरू लागले. पण सशांतून पुढे गेलेला हा जंतू डुकराला टोचला, तेव्हा डुकराला सौम्य आजार झाला आणि ते वाचले. शिवाय पुढे खऱ्या रोगापासूनही त्याचा बचाव झाला. सशासाठी जहाल झालेला जंतू डुकरासाठी मवाळ झाला होता. हीच लस झाली.

म्हणजे जंतू किती घातक, या प्रश्नाला एकच उत्तर नसते. तो कोणाच्या शरीरात शिरला, त्यावर रोगाची तीव्रता ठरते. आज या जंतूला एरिसिपेलोथ्रिक्स म्हणतात. त्याने उंदीर आणि कबुतरे मरतात. डुकराला तो कधी चटकन मारतो, तर कधी नुसते त्वचेवर चट्टे किंवा सांधेदुखी देऊन सोडतो. मासे किंवा मांस हाताळणाऱ्या माणसाच्या बोटावर मात्र बहुधा दुखरी, जांभळट-लाल सूज येते आणि पेनिसिलिनने ती बरी होते. क्वचितच तो रक्तात शिरून हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचतो.

या यशाचा आनंद फार टिकला नाही. १८८३ मध्ये कॉलऱ्याचा शोध घेण्यासाठी इजिप्तला गेलेला थुईये तिथेच कॉलऱ्याने दगावला. वय अवघे २७.

पाश्चर यांनी हीच वाट रेबीजसाठी पुढे नेली. माकडांतून नेलेले रेबीजचे विष कुत्र्यांसाठी सौम्य झाले. सशांतून नेलेले अधिक तीव्र झाले. डुकरांच्या रोगात सशाने जे केले, ते इथे होईल असे त्यांनी गृहीत धरले नाही. पुन्हा पडताळून पाहिले. अखेर सशाचा मज्जारज्जू वाळवून लस तयार झाली आणि ६ जुलै १८८५ रोजी ती नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला टोचण्यात आली. मुलगा वाचला. पुढे पाश्चर यांच्याच संस्थेत काम केलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आजही कोणी ना कोणी बातमीचे कात्रण घेऊन येतो. अमुक औषधाने उंदीर बरे झाले, मग माझ्या वडिलांना ते का देत नाही, असे विचारतो. त्याची तळमळ खरी असते. अशा वेळी मी बोलेनची डुकरे आठवतो. उंदरातला निष्कर्ष ही सुरुवात असते. माणसावर रीतसर चाचणी झाल्याशिवाय ते औषध होत नाही. म्हणून बातमी वाचताना प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, हे आधी पाहा.

रेबीजच्या बाबतीत मात्र कुत्रा काय आणि माणूस काय, लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. तेव्हा कुत्रा चावला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.