दोन केसांची दोरी

काश्मीरला जाऊन आलेल्यांनी पहलगामला लिडर नदीकाठी ट्राउट माशाचे नाव ऐकलेले असते. थंड, नितळ, वाहत्या पाण्यातला हा ठिपकेदार मासा मूळचा तिथला नव्हे. इंग्रजांनी तो विलायतेहून आणून सोडला. त्याला गळाने पकडण्याचे एवढे वेड इंग्रजांना कशाने लागले, हे शोधताना मला आयझॅक वॉल्टन भेटला. मी स्वतः कधी गळ हातात धरलेला नाही. पण या म्हाताऱ्याने मला धरून ठेवले.

वॉल्टनचा जन्म १५९३ साली स्टॅफर्ड गावी झाला. लंडनमध्ये कापडाचा व्यापार करून त्याने संसार चालवला. पण पहिली पत्नी रेचेल हिची सातही मुले लहानपणीच गेली आणि १६४० मध्ये तीही गेली. पुढे देशात यादवी माजली. १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजाच्या बाजूचा. त्या पक्षाचे कितीतरी धर्मगुरू पदांवरून हाकलले गेले. अशा दिवसांत, साठीला टेकलेल्या वॉल्टनने १६५३ साली 'द कम्प्लीट अँग्लर' हे पुस्तक काढले. त्यात ना सूड, ना आक्रोश. नदीकाठाने चालणारी माणसे, गप्पा, गाणी, पावसात झाडाचा आडोसा आणि मासे.

पुस्तक लोकांना आवडले. त्यात एक उणीव मात्र होती. वॉल्टन मुरलेला होता तो गांडूळ, किडे असली आमिषे लावण्यात. कृत्रिम माशीच्या विद्येत तो कच्चा होता; ती पाने त्याने बरीचशी इतरांच्या आधाराने लिहिली होती. डोंगरातल्या ओढ्यात जन्मून वाढलेल्या ट्राउटला तर हीच विद्या लागते. आपल्याला पाण्याचा तळ दिसतो, तसा माशाला काठावरचा माणूस दिसतो. पाण्यातून वर येणाऱ्या इवल्या माशा हे त्याचे खाणे. म्हणून रेशीम, पिसे आणि जनावरांची लव गळाला गुंडाळून तशीच माशी बनवायची आणि दुरून, पाण्यावर सावली पडू न देता, अलगद टेकवायची.

ही विद्या होती चार्ल्स कॉटनपाशी. डव्ह या लहानशा डोंगरी नदीच्या काठचा हा जमीनदार वॉल्टनहून सदतीस वर्षांनी लहान. कवी, मौजी आणि कर्जात बुडालेला. वॉल्टनला तो वडील मानी. १६७४ साली त्याने डव्हच्या काठी मासेमारीसाठी एक छोटे दगडी घर बांधले आणि दारावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. ते घर आजही उभे आहे.

१६७६ साली पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा वॉल्टनने ऐंशी ओलांडली होती. नावलौकिक मिळाला होता. उणीव तशीच ठेवली असती तरी चालले असते. त्याने कॉटनला लिहायला सांगितले. कॉटनने दहा-बारा दिवसांत आपला भाग लिहून दिला. कोणत्या महिन्यात कोणती माशी, ती कशी बांधायची, सारे त्यात आहे. त्या काळी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. गळाजवळ फक्त दोन केस ठेवावेत, असे कॉटन सांगतो. जाड दोरी माशाला दिसते. दोन केसांवर मोठा मासा आणायचा तर हिसका देऊन चालत नाही. त्याच्या कलाने घ्यावे लागते.

वॉल्टन १५ डिसेंबर १६८३ रोजी विंचेस्टरला वारला. वय नव्वद. आपल्या जमिनीच्या उत्पन्नातून स्टॅफर्डच्या गरीब मुलांना धंदा शिकवावा, गरिबांना हिवाळ्यात कोळसा द्यावा, अशी तरतूद त्याने मृत्युपत्रात केली होती. तीनेक वर्षांनी कॉटनही गेला.

पिकल्या वयात शिकवणारे आपल्याला घरोघर भेटतात. जे आपल्याला येत नाही ते धाकट्याला विचारून त्याच्याच नावाने आपल्या पुस्तकात छापणारा विरळा. मुले गमावलेल्या या बापाला डव्हच्या काठी एक मुलगा मिळाला, तो बहुधा याच स्वभावामुळे. ट्राउट मी अजून पकडलेला नाही. पण घरातला धाकटा काही सांगू लागला, की मला ते दोन केस आठवतात आणि मी हिसका देत नाही.